हवेचे मापन आणि इंजिनाची फेरजुळणी

मोटारगाडीचा इतिहास बहुधा वेगाचा आणि अश्वशक्तीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तो हवेच्या मापनाचा इतिहास म्हणूनही वाचता येतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. असा वाचला म्हणजे कारखान्यातील एका नित्याच्या प्रश्नाचा उलगडा होतो. इंजिनास मूळच्यापेक्षा रुंद हवानळी बसविली असता जुनी जुळणी चुकीची का ठरते, हा तो प्रश्न होय.

पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इंजिनाची जुळणी म्हणजे मुख्यत्वे हे प्रमाण प्रत्येक गतीस व भारास योग्य राखणे. कार्ल बेंझने १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या गाडीत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून जाई व वाफ घेऊन येई. मिश्रणात हवा किती असावी, हे चालकानेच ठरवावयाचे. १८९३ च्या सुमारास जर्मनीत मायबाखने आणि हंगेरीत बांकी व चोंका यांनी इंधन बारीक तोटीतून फवारण्याची योजना केली. अरुंद जागी प्रवाहाचा वेग वाढतो व दाब घटतो, हे वेंतुरीने १७९७ मध्ये विशद केलेले तत्त्व येथे कामी आले. हवा स्वतःच्या वेगानेच आपणांस लागणारे इंधन ओढून घेऊ लागली.

ही योजना इंग्लंडमधील एस. यू. कार्बुरेटरने पुढे नेली. पादत्राणांच्या व्यापारातील स्किनर घराण्यातील बंधूंनी तो बाजारात आणला. त्यांच्या कंपनीची स्थापना १९१० मधली. आरंभी त्यात चामड्याचा भाता असे, पुढे धातूचा दट्ट्या आला. हवेची ओढ वाढली की दट्ट्या वर उचलला जाई, त्याला जोडलेली निमुळती सुई तोटीतून बाहेर सरके आणि इंधनाची वाट रुंदावे. हवा व इंधन यांचे नाते त्या सुईच्या आकारात कोरलेले असे. हवेची गाळणी बदलून वाट मोकळी केली की तोटीवरील ओढ कमी होई, मिश्रण विरळ होई, आणि कारागीर अधिक बारीक सुई बसवी. त्याचा निर्णय ठिणगी-प्लगच्या रंगावर चाले : पांढरट रंग विरळ मिश्रणाचा, काजळी घट्ट मिश्रणाची, फिकट तपकिरी रंग योग्य प्रमाणाचा.

१९६७ मध्ये बॉश कंपनीने फोक्सवागनसाठी विद्युत-नियंत्रित इंधनफवारा आणला. त्यात हवा प्रत्यक्ष मोजली जात नसे. इंजिनाच्या शोषणनळीतील दाबावरून तिचा अंदाज केला जाई. १९७३ च्या नव्या प्रकारात प्रवाहाने ढकलली जाणारी झडप हवा मोजू लागली, आणि १९८० नंतरच्या दशकात तापलेल्या तारेचे मापक आले. प्रवाह तारेस किती थंड करतो यावरून हवा ओळखण्याचा हा सिद्धान्त एल. व्ही. किंग यांनी १९१४ मध्ये मांडलेला होता.

येथेच मूळ प्रश्नाचे उत्तर सापडते. तार संपूर्ण प्रवाह पाहत नाही. आपल्या भोवतालचा प्रवाह तेवढाच ती जाणते. तिच्या संकेतापासून एकूण हवा काढण्याचे कोष्टक एका विशिष्ट व्यासाच्या नळीसाठी केलेले असते. समजा, ती तार ७० मिलिमीटरच्या नळीतून ८० मिलिमीटरच्या नळीत बसविली. छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ३१ टक्क्यांनी वाढते. तेवढीच हवा आता मंद गतीने जाते आणि मापक सुमारे २३ टक्के कमी हवा सांगतो. इंधनही त्याच प्रमाणात कमी पडते. पूर्ण भाराच्या वेळी १२.५ हे प्रमाण अभिप्रेत असेल, तर प्रत्यक्षात ते १६ च्या पुढे जाते. १९७६ पासून प्रचारात आलेला, धुरातील प्राणवायू जाणणारा मापक ही चूक काही मर्यादेपर्यंत भरून काढतो. परंतु त्याच्या मूळच्या रूपात तो योग्य प्रमाणाच्या एका बाजूस की दुसऱ्या, एवढेच सांगू शकतो. म्हणून पूर्ण भारावर त्याची दुरुस्ती सोडून कोष्टकावरच विसंबावे लागते. नेमक्या त्याच वेळी इंजिनात ठोके पडून दट्ट्यास इजा होण्याचा संभव सर्वाधिक असतो. फेरजुळणी म्हणजे प्रथम हे कोष्टक नव्या नळीस अनुरूप करणे. अधिक शक्तीचा विचार त्यानंतरचा.

या बदलास सामाजिक बाजूही आहे. कारागिराची सुई ही त्याची खाजगी बाब होती. अमेरिकेत १९७० चा स्वच्छ हवा कायदा आल्यावर धुराचे नियमन सार्वजनिक झाले, आणि कॅलिफोर्नियात तर धुरावर परिणाम करणारा बाहेरचा भाग रस्त्यावरील गाडीस बसविण्यास राज्याची मान्यता लागते. प्लगचा रंग वाचणाऱ्या डोळ्याचे स्थान कोष्टकाने घेतले, ते अशा रीतीने.

तथापि कोष्टक डोळ्याहून निर्दोष आहे असे मानणे चूक ठरेल. डोळा परिणाम पाहत होता. कोष्टक केवळ संकेत पाहते, आणि ज्या नळीत तो संकेत जन्मला ती बदलली, हे त्यास कळत नाही. मापनाचा आकडा त्याच्या साधनापासून अलग करून वाचू नये, हा बोध यंत्रशास्त्राइतकाच इतिहासाच्या अभ्यासकासही उपयुक्त आहे.