दातेरी पट्ट्याचा ताण

महाडहून गोव्याच्या दिशेने निघालं की पोलादपूरला रस्ता फुटतो. महामार्ग कशेडीकडून खेडला जातो, आणि डाव्या हाताचा रस्ता आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला, समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास. गणपतीच्या तोंडावर या टापूतल्या गॅरेजांत गाड्यांची रीघ लागते. ऑइल बदललं जातं, ब्रेक बघितले जातात, कूलंट भरलं जातं. टायमिंग बेल्ट मात्र कव्हराखाली असतो, म्हणून त्याची आठवण शेवटी होते. कुणी काळजीने नवा टाकून घेतला, तरी ‘नवा टाकला’ एवढंच विचारून मालक समाधानाने निघतो. तो किती ताणून बसवला, हे कुणी विचारत नाही. नवा पट्टा मुदतीआधी गेला की दोष पट्ट्याच्या कंपनीला लागतो. माझ्या मते आधी संशय घ्यावा तो ताणावर, आणि हा ताण आपल्या हातांना चुकीचा का वाटतो हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

पट्ट्याचं काम म्हटलं तर साधं आहे. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमशाफ्टची एक झाली पाहिजे. म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या बरोबर दुप्पट दाते असतात. एक दाता जरी सरकला तरी व्हॉल्व्ह अवेळी उघडतात. मग गाडी चढाला ओढत नाही, सेल्फ मारला तर लवकर उचलत नाही. डिझेल इंजिनात तर वर आलेल्या पिस्टनच्या माथ्यावर जागाच इतकी थोडी उरते, की पट्टा तुटल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड उतरवावं लागतं.

या पट्ट्याच्या आधी आपल्याकडे जे पट्टे होते ते बिनदात्यांचे. भातगिरणीत इंजिनापासून यंत्रापर्यंत जाणारा लांब सपाट पट्टा आठवावा. तो चालायचा निव्वळ घर्षणावर. ढिला पडला की चाकावर घसरायचा. मग त्याला राळ लावायची, तेवढ्यानेही भागलं नाही तर तुकडा कापून पट्टा आखूड करायचा. शिंप्याच्या पायमशीनची चामड्याची वादीही त्याच जातीची. सैल झाली की बोटभर कापायची आणि तारेचा आकडा पुन्हा अडकवायचा. पुढे मोटारीचा फॅन बेल्ट आला, तोही आवळूनच चालायचा. पिढ्यानपिढ्या पट्ट्यांशी झटताना हातात एक समजूत मुरली, की पट्टा जितका घट्ट तितका बरा. घर्षणाच्या पट्ट्याला ती बऱ्यापैकी लागूही होती.

दातेरी पट्टा जन्मला तो मोटारीसाठी नव्हेच. १९४०च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एल. एच. गिल्मर कंपनीतल्या रिचर्ड केस यांनी तो सिंगर शिलाई मशीनसाठी तयार केला. वरची सुई आणि खालचा दोरा पकडणारा हूक यांची गाठ प्रत्येक टाक्याला ठरलेल्या क्षणीच पडायला हवी. पट्टा केसभर घसरला तरी टाका चुकतो किंवा सुई हुकावर आदळून मोडते. केस यांनी पट्ट्याला आतून दाते दिले, पुलीला त्या मापाच्या खाचा दिल्या, आणि घसरण्याचा प्रश्नच मिटवला. त्याच क्षणी ताणाचं कामही बदललं. सपाट पट्ट्यात शक्ती वाहून न्यायला ताण लागायचा. इथे शक्ती दाते वाहतात. ताण लागतो तो दाते खाचांतून वर येऊ नयेत एवढ्यापुरता. या पट्ट्याला फार कमी ताण पुरतो, पण तो नेमका लागतो. हातातली जुनी समजूत इथे मारक ठरते.

मोटारीत तो शिरला शर्यतीच्या मैदानावरून. अमेरिकेतल्या बिल डेव्हिन यांनी १९५४पासून बांधलेल्या डेव्हिन-पानहार्ड गाड्यांत गिल्मरचा पट्टा कॅम फिरवायला वापरला, आणि १९५६मध्ये अशा गाडीने तिथली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. रोजच्या वापराच्या गाडीत तो आणण्याचा मान जर्मनीतल्या डिंगोलफिंगच्या हान्स ग्लास कंपनीकडे जातो. ही कंपनी मुळात पेरणीयंत्रं बनवणारी. तिची ग्लास १००४ १९६२मध्ये उत्पादनात आली. चार वर्षांनी फियाटमध्ये ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी आपल्या दुहेरी कॅमच्या इंजिनाला तोच पट्टा बसवला. साखळीपेक्षा तो हलका, आवाज कमी आणि तेलाची गरज नाही. फियाटचाच जुना वाण आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून पद्मिनी होऊन निघत होता. त्यात साखळीच होती.

म्हणून महाड-पोलादपूरच्या मिस्त्रींना हा पट्टा खऱ्या अर्थाने भेटला तो डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आल्यावर. तिच्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात दातेरी पट्टा होता. पुढे १९९८च्या अखेरीस पुण्याची टाटा इंडिका आली, तिच्या डिझेल इंजिनात पट्टाच. २००५मध्ये तेच इंजिन निम्मं करून, दोन सिलिंडरांवर, टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती निघाला. भाजी, विटा, सिलिंडर घेऊन घाटातल्या वाड्यांपर्यंत चढणाऱ्या त्या छोट्या हत्तीत एवढासा पट्टा किती भार सोसतो, हे चढावर दुसऱ्या गिअरमधला त्याचा आवाज ऐकला की कळतं.

जुन्या मारुतीवर ताण कसा बसवतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. जाणता मिस्त्री आधी रॉकरचे अॅडजस्टिंग स्क्रू ढिले करतो. तसं न केलं तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला एका बाजूला रेटतात, पट्ट्याची एक बाजू खोटी घट्ट आणि दुसरी खोटी सैल दिसते. मग क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवायच्या, पट्टा चढवताना ओढणारी बाजू सरळ ठेवायची आणि सगळा सैलपणा टेन्शनरच्या बाजूला घ्यायचा. टेन्शनरचा नट ढिला केला की स्प्रिंग स्वतःच चाक पट्ट्यावर दाबते. आता क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचा, फक्त चालण्याच्या दिशेने. या दोन फेऱ्यांत पट्टा खाचांत नीट बसतो आणि स्प्रिंग आपला खरा ताण देते. नट आवळायचा तो त्यानंतर. इथेच पुष्कळ जणांचा हात वळवळतो. स्प्रिंग दाबून झाल्यावर स्क्रूड्रायव्हरने टेन्शनर अजून थोडा रेटून मग नट आवळायचा, म्हणजे ‘पक्कं’. तो थोडा रेटा सगळं बिघडवतो.

जिथे स्प्रिंग नाही, तिथे जगभर चाललेली रीत म्हणजे पट्ट्याचा सर्वांत लांब मोकळा भाग अंगठा आणि तर्जनीत धरून पिळायचा. जेमतेम पाव वळसा, म्हणजे ९० अंश, वळला की ताण बरोबर. मी ही रीत टाकाऊ मानत नाही. पण तिच्यात बोटांची ताकद आणि पट्ट्याची रुंदी दोन्ही मिसळतात; रुंद पट्टा योग्य ताणालाही वळत नाही आणि दणकट हाताला घट्ट पट्टाही सैल वाटतो.

सैल पट्टा कव्हरवर आपटतो आणि दाता उडवतो. घट्ट पट्टा शीळ घातल्यासारखा आवाज करतो, वॉटर पंपाचं आणि टेन्शनरचं बेअरिंग खातो, आणि बेअरिंग अडकलं की चांगला पट्टाही जातो. त्यात गरम इंजिनाचा घोळ वेगळा. क्रँक आणि कॅममध्ये ४०० मिलिमीटर अॅल्युमिनियम असेल आणि तापमान ७० अंशांनी वाढलं, तर ते अंतर सुमारे ०.६ मिलिमीटरने वाढतं. पट्ट्याच्या आतल्या काचतंतूच्या दोऱ्या तेवढ्या वाढत नाहीत, म्हणून इंजिन तापलं की पट्टा आपोआप घट्ट होतो. थंड असताना हाताला मनासारखा घट्ट वाटलेला पट्टा आंबेनळीच्या चढावर भलताच ताणलेला असतो.

बोटांच्या अंदाजावर उपाय सापडला तो आवाजात. तुणतुण्याची खुंटी पिळली की सूर चढतो, हे शाहिराला सांगावं लागत नाही. ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात तारेची कंपनं वाढतात, हा नियम फ्रान्सच्या मारें मर्सेन यांनी १६३६मध्ये छापला. टायमिंग बेल्टलाही तोच लागू. मोकळ्या भागाला बोटाने टिचकी मारायची, मायक्रोफोन कंपनं मोजतो आणि हर्ट्झमध्ये आकडा दाखवतो. समजा मोकळा भाग १५० मिलिमीटर आहे आणि एक मीटर पट्ट्याचं वजन १०० ग्रॅम. आकडा १०० हर्ट्झ आला तर ताण ९० न्यूटन, म्हणजे नऊ किलो टांगल्याएवढा. १२० आला तर जवळपास १३० न्यूटन. कंपनं पाचव्या हिश्श्याने चढली तर ताण चाळीस टक्क्यांहून जास्त चढतो, इतका हा आकडा तिखट आहे. आज फोनच्या अॅपवरही हे मोजता येतं. त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असेल, तर तो वापरण्यासारखं दुसरं खात्रीचं साधन साध्या गॅरेजला परवडणार नाही. इथल्या तरुण मिस्त्रींनी ही सवय लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या पिढीच्या गाड्यांत टेन्शनर स्वतःच ताण सांभाळतो. त्यावरचा काटा खाचेसमोर आणायचा आणि नट आवळायचा. तरी इंजिन थंड हवं आणि दोन फेऱ्या हव्यातच, कारण फेऱ्यांनंतर काटा बहुधा सरकतो आणि पुन्हा जुळवावा लागतो.

घाटाच्या मुलखात आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. चढावर गाडी नुसती गिअरमध्ये टाकून उभी केली आणि ती मागे रेलली, तर इंजिन उलटं फिरू पाहतं. तेव्हा ओढ पट्ट्याच्या सैल बाजूवर, थेट टेन्शनरवर येते. ताण कमी असेल तर दाता उडतो तो अशा वेळी. हँडब्रेक आधी, चाकाला दगड, आणि मग गिअर. दुसरी गोष्ट पुराची. जुलै २०२१च्या महापुरात सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. पाण्यात बुडालेल्या गाडीचं ऑइल आणि फिल्टर बदलले जातात. बेल्टचं कव्हर मात्र तसंच राहतं. आतला गाळ खाचांत बसला की दाता पूर्ण उतरत नाही, आणि ताण कितीही नेमका असला तरी उपयोगाचा नाही. कव्हर उघडून पुल्या धुवायच्या, पट्टा आणि टेन्शनर नवे घालायचे.

आणि गणपतीला गाडी गावी न्यायची असेल, तर ती गॅरेजला आदल्या संध्याकाळी नेऊन लावावी. घाट चढून आलेलं इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावं आणि मिस्त्रीला सकाळी कामाला बसू द्यावं.