नाग नदी
नाग नदी : नागपूर जिल्ह्यातील, कन्हान नदीला मिळणारी लहान नदी. उगम नागपूर शहराच्या पश्चिमेस वाडीजवळील लाव्हा गावाच्या परिसरातील टेकड्यांत. अंबाझरी तलाव (१८७०) हिच्याच प्रवाहावर बांधलेला आहे. नागपूरचे नाव हिच्यावरून पडल्याचे मानतात. शहरातील सुमारे १७ किमी.च्या टप्प्यानंतर पिवळी नदी (पहा : पिवळी नदी) मिळते व संयुक्त प्रवाह पूर्वेकडील खेड्यांतून कन्हानकडे जातो. या भागात उन्हाळ्यातही पाणी असते, पण ते मुख्यतः शहराचे सांडपाणी. काठचे शेतकरी त्यावरच भाजीपाला घेतात. पुढे कन्हान-वैनगंगेमार्गे ते गोसीखुर्द जलाशयात (पहा : गोसीखुर्द प्रकल्प) पोहोचते, त्यामुळे तेथील ढिवर समाजाच्या मासेमारीशीही या प्रदूषणाचा संबंध येतो. शहरातील भांडेवाडीत प्रक्रिया केलेले काही सांडपाणी कोराडी औष्णिक विद्युत केंद्राला दिले जाते.