पासपोर्ट, हज अर्ज, स्कॉलरशिप: खरी सरकारी वेबसाइट कशी ओळखायची?

गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीच्या अम्मी मला भेटायला आल्या. सासूबाईंना घेऊन उमराला जायचं होतं, दोघींचेही पासपोर्ट नव्हते. मुलीनं मोबाइलवर ‘पासपोर्ट अर्ज’ असं शोधलं, सगळ्यात वर आलेली साइट उघडली आणि फॉर्म भरला. वर तिरंगा होता, अशोकचक्रासारखं काहीतरी चित्र होतं. प्रत्येकी २,९९९ रुपये भरले. आठ दिवसांनी फोन आला की ही आमची सल्ला फी, सरकारी फी वेगळी. दोघींचे आधार, पॅन, फोटो, सह्या सगळं त्या लोकांकडे गेलं होतं. पासपोर्ट कार्यालयात मात्र त्यांच्या नावाचा एकही अर्ज नव्हता.

शिवणकामातून जमवलेले पैसे होते. घरी सांगायची चोरी, म्हणून त्या शाळेत आल्या.

अशा नकली साइट्सबद्दल परराष्ट्र मंत्रालयानं स्वतः इशारा दिलेला आहे. पासपोर्टसाठी केंद्र सरकारची एकच साइट आहे, पासपोर्टइंडिया.जीओव्ही.इन, आणि एकच मोबाइल अ‍ॅप, एमपासपोर्ट सेवा. तिथं नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, ६० पानांचा हवा असेल तर २,०००. तत्काळसाठी वरून आणखी २,०००. साठीच्या पुढच्या व्यक्तीला पहिल्यांदा पासपोर्ट काढताना फीमध्ये १० टक्के सूट मिळते, म्हणजे त्या सासूबाईंचे १,३५० रुपयेच झाले असते. ही सूट त्या साइटनं कुठंच सांगितली नव्हती.

पत्ता उर्दूसारखा वाचा

खरी साइट ओळखण्यासाठी रंग, झेंडा, मंत्र्यांचे फोटो यांचा काही उपयोग नाही. ते कुणीही लावू शकतं. कुलुपाच्या चिन्हाचाही नाही. कुलूप एवढंच सांगतं की तुम्ही आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू येत नाही. समोरचा कोण आहे, हे ते सांगत नाही. बघायचा तो पत्ता, म्हणजे ब्राउझरच्या पट्टीतली ती ओळ.

ती ओळ आपण मराठी-इंग्रजीसारखी डावीकडून वाचतो, तिथंच फसतो. आपल्या मुलांना उर्दू येतं, तर त्यांना सांगा की हा पत्ता उर्दूसारखा उजवीकडून वाचायचा. सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्यापुढच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिथं बोट ठेवा. रेघ नसेल तर पत्त्याच्या शेवटी. तिथून डावीकडे वाचत या. आधी ‘इन’, मग टिंब, मग ‘जीओव्ही’, मग पुन्हा टिंब, आणि मग खात्याचं नाव. असं असेल तर साइट सरकारची. जीओव्ही.इन हे नाव फक्त सरकारी संस्थांनाच मिळतं. काही जुन्या सरकारी साइट्स एनआयसी.इन वर संपतात, त्याही खऱ्या.

नुसतं ‘.इन’ मात्र कुणीही विकत घेऊ शकतं, तसंच ‘.ओआरजी’ आणि ‘.कॉम’सुद्धा. म्हणून ‘जीओव्ही’ आणि ‘इन’ यांच्या मध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ असेल, किंवा जीओव्ही.इन पत्त्याच्या मध्येच असेल आणि त्यानंतर ‘.कॉम’ येत असेल, तर तो सापळा समजा. ‘पासपोर्ट-जीओव्ही.इन’ हे दिसायला सरकारी वाटतं, पण इथं जीओव्हीच्या डावीकडे टिंब नाही, आडवी रेघ आहे. ते सगळं मिळून एकच खासगी नाव झालं.

या नियमाला अपवाद आहेत. वीजबिलाची महाडिस्कॉम.इन आणि रेल्वेची आयआरसीटीसी.सीओ.इन या अधिकृतच आहेत. अशा साइटचा पत्ता बिलावर, तिकिटावर छापलेला असतो, तोच टाइप करावा.

शोधून उघडण्याची सवय सोडायला हवी. सर्च केल्यावर वरचे एक-दोन निकाल पुष्कळदा जाहिरातीचे असतात, बाजूला बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं. पैसे देणारा वर येतो. त्याचा खरेपणाशी संबंध नाही.

आपल्या घरात लागणारी कामं

हजचा अर्ज हजकमिटी.जीओव्ही.इन वर किंवा हज सुविधा अ‍ॅपवर भरतात. पूर्वी अर्जासोबत ३०० रुपये घेत, २०२३ च्या हजपासून अर्ज मोफत झाला. पैसे भरायचे ते निवड झाल्यावर, हज कमिटीच्याच खात्यात, आपल्या कव्हर नंबरवर. निवडीच्या आधी ‘नंबर लावून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याशी बोलूच नका, मग तो ओळखीचा का असेना. मदीना शरीफमध्ये रियाजुल जन्नतची परवानगी सौदी सरकारच्या नुसुक अ‍ॅपवर मिळते, तीही मोफत. तिचे पैसे घेणारे लोक आहेत, आणि आपण देतो, कारण तिथं पोहोचल्यावर कुणाला वाद घालायचा नसतो.

स्कॉलरशिपसाठी केंद्राची स्कॉलरशिप्स.जीओव्ही.इन आणि राज्याची महाडीबीटी.महाराष्ट्र.जीओव्ही.इन. केंद्राच्या पोर्टलवर नोंदणी आणि अर्ज दोन्ही मोफत आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप’ अशा लिंक फिरतात. मशिदीच्या ग्रुपवर आली म्हणून ती खरी होत नाही. शाळेत विचारा, आम्ही त्यासाठीच आहोत.

छोटा धंदा करणाऱ्यांना सगळ्यात जास्त लुटतात ते उद्यम नोंदणीत. मटणाचं दुकान, गॅरेज, बेकरी, घरातली शिलाई, सगळ्यांना हे प्रमाणपत्र कर्जासाठी मागतात. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी उद्यमरजिस्ट्रेशन.जीओव्ही.इन वर होते. एक रुपयाही लागत नाही, नूतनीकरणही नसतं. तरी ‘तुमचं उद्यम संपत आलं, रिन्यू करा’ असे फोन येतात. खासगी साइटवाले करतात काय, तर तुमच्याकडून ओटीपी घेऊन खऱ्या साइटवर तुमचाच फॉर्म भरतात. त्यात स्वतःचा ईमेल किंवा मोबाइल घातला, की पुढं काही बदलायचं तर परत त्यांच्याच दारात.

मतदार नोंदणीचा फॉर्म ६, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्डाची नोंदणी, आधारची पीडीएफ, डिजिलॉकर, आयकर खात्याच्या साइटवरचं झटपट ई-पॅन, हे सगळं ऑनलाइन मोफत आहे.

सेतू केंद्र किंवा आपले सरकार केंद्रावर जाऊन फॉर्म भरून घेणं यात गैर काही नाही. तो माणूस मेहनत करतो. फक्त दरपत्रक भिंतीवर आहे का बघा आणि पावती मागा. पावती द्यायला कां-कूं केली की समजून जा.

पैसे गेले असतील तर

लगेच १९३० वर फोन करा, मग सायबरक्राइम.जीओव्ही.इन वर तक्रार नोंदवा. बँकेलाही त्याच दिवशी कळवा. रक्कम समोरच्या खात्यातून पुढं सरकण्याआधी थांबवता येते, म्हणून तास महत्त्वाचे असतात. पानाच्या तळाशी ‘आम्ही खासगी सल्लागार आहोत’ असं लिहिलेलं असेल तर मामला किचकट होतो, कारण ते म्हणतात ग्राहकानं राजीखुशीनं पैसे दिले. तेव्हा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार करावी. स्क्रीनशॉट, पैसे भरल्याचा मेसेज, आलेला फोन नंबर, काहीही पुसू नका.

कागदपत्रं गेली असतील तर एमआधार अ‍ॅपवरून बायोमेट्रिक लॉक करा, आणि आपल्या नावावर कुणी कर्ज तर काढलं नाही ना, हे अधूनमधून क्रेडिट रिपोर्टमध्ये पाहत चला.

त्या अम्मींनी आठ दिवसांनी तक्रार केली, पैसे परत आले नाहीत. पासपोर्टचा खरा अर्ज आम्ही शाळेच्या कॉम्प्युटरवर भरला, सासूबाईंचे १,३५० आणि त्यांचे १,५०० रुपये. पत्ता मुलीनंच टाइप केला, आणि एंटर दाबण्याआधी उजवीकडून मोठ्यानं वाचून दाखवला.