होडी कुठं बांधायची?

जेट स्की विकत घेणं एकवेळ सोपं, ती ठेवणं अवघड. साधारण तीन-चारशे किलोचं हे यंत्र. ठेवायचे मुख्य मार्ग तीन: पाण्यातच दोरानं बांधा, ट्रेलरवर घालून घरी न्या, नाहीतर तरंगत्या प्लॅस्टिक ठोकळ्यांच्या धक्क्यावर चढवून ठेवा. मी इंजिनिअर असल्यामुळे आधी तिन्हींची तुलना करायला बसलो. पण आपल्या खानदेशात ही निवड पाणीच करतं, कारण ते एका पातळीवर थांबत नाही.

तापी मुलताईहून निघते आणि ७२४ किलोमीटर वाहून खंबातच्या आखाताला मिळते. उन्हाळ्यात डोहांपुरती उरते, पावसाळ्यात काठ सोडते. सुरत तापीवरचंच बंदर, पण तिथंही पात्र उथळ. म्हणून युरोपीय जहाजं बाहेर समुद्रकाठी सुवाळीला नांगर टाकत. १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज तिथंच लढले. बुऱ्हाणपूरचं कापड सुरतेला जायचं तेही खानदेशातून, खुष्कीच्या मार्गानं.

त्यामुळे आपल्याकडे नाव म्हणजे प्रवासाचं नव्हे, नदी ओलांडायचं साधन. अशा नावांसाठी मुंबई इलाख्यात १८६८ साली कायदाही झाला. आता नावाड्याच्या जागी उभं राहून बघा. दोर आखूड ठेवला, तर पूर चढताना खुंट नावेला खाली ओढतो. लांब ठेवला, तर प्रवाह तिला खडकावर आपटतो. पाणी ओसरलं की ती चिखलात रुतते. पाण्याच्या भरवशावर न ठेवता काठावर उंच ओढून घेणं, हाच त्यातला खात्रीचा उपाय.

मग धरणं आली. जळगाव जिल्ह्यात हतनूरला ४१ दरवाजे, धुळे जिल्ह्यात सुलवाडे बॅरेज. पाणी साठू लागलं, पण पातळी आता दरवाज्यांच्या हिशेबानं हलते. इथं ट्रेलर वापरायचा तर उतरंड सर्वात खालच्या पातळीपर्यंत हवी, नाहीतर उन्हाळ्यात ती संपते आणि गाळ सुरू होतो. उथळ पाण्यात जेट स्कीचा पंप वाळू-खडे ओढून घेतो, ते वेगळंच. तरंगता धक्का पाण्यासोबत वर-खाली होतो, म्हणून इथं तो सरस. मात्र त्याचा नांगर आणि काठाला जोडणारा बिजागरीचा पूल हे दोन्ही वर्षातल्या सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या पातळीला पुरले पाहिजेत. आमच्या भाषेत सांगायचं तर पातळी हार्डकोड करायची नाही.

हा प्रश्न फक्त हौशी लोकांचा असता, तर इथंच थांबलो असतो. पण सातपुड्यापलीकडे नर्मदाकाठी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुके आहेत, १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातलेच. सरदार सरोवर २०१९ साली पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं. तिथल्या कित्येक पाड्यांना होडी हाच रस्ता आहे. पाणी उतरलं की धक्का म्हणावा असा काठच सरकतो. मग आजारी माणसाला किंवा बाळंतिणीला गाळाच्या उतारावरून उचलून होडीपर्यंत न्यावं लागतं.

पर्यटनासाठी तरंगते धक्के बांधायचे असतील, तर जरूर बांधावेत. पण तेच ठोकळे, तोच नांगर आणि तोच बिजागरीचा पूल आधी या पाड्यांखाली हवा. तंत्र तयार आहे. कुणाच्या होडीसाठी ते आधी वापरायचं, एवढंच ठरवायचं राहिलंय.