महत्तर ते म्हातारा

एखाद्या समाजात वृद्धांना कोणते स्थान होते, हे पाहावयाचे झाल्यास त्या समाजाचे धर्मग्रंथ आणि कायदे चाळावे लागतात. परंतु ग्रंथांतून बहुधा आदर्श सांगितलेला असतो. प्रत्यक्ष व्यवहाराची साक्ष हवी असेल, तर ती भाषेपाशी मागावी लागते. वयोवृद्ध माणसांना लोकांनी कोणकोणत्या नावांनी हाक मारली आणि कालांतराने त्या नावांचे काय झाले, हा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

संस्कृत भाषेने वार्धक्याकडे दोन अंगांनी पाहिले. ‘जॄ’ या धातूचा अर्थ झिजणे. त्यापासून जरा, जीर्ण, जरठ हे शब्द निघाले. ग्रीक भाषेतील ‘गेरोन’ हा याच कुळातला शब्द होय. स्पार्टा या नगरराज्यात साठी ओलांडलेले अठ्ठावीस नागरिक आणि दोन राजे यांची जी सभा असे, तिचे ‘गेरुसिया’ हे नाव त्यावरूनच पडले. दुसरा धातू ‘वृध्’, म्हणजे वाढणे. ‘वृद्ध’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘वाढलेला’ एवढाच आहे. हिंदीतील ‘बूढा’ आणि बंगालीतील ‘बुडो’ ही त्याचीच प्राकृतातून उतरलेली रूपे. एका धातूला झिजणारे शरीर दिसले, तर दुसऱ्याला वाढत गेलेला माणूस दिसला.

मराठीने आपले नित्याचे शब्द घेतले, ते या दुसऱ्या दृष्टीला जवळचे. ‘वडील’ हा शब्द प्राकृतातील ‘वड्ड’ म्हणजे मोठा यापासून आला. ‘थोर’ हे ‘स्थूल’ शब्दाचे प्राकृत रूप. आकाराने मोठा, मग वयाने मोठा आणि अखेरीस गुणांनी मोठा, असा त्याच्या अर्थाचा प्रवास झाला. आणि ज्या शब्दात आज आदराचा लवलेश उरलेला नाही, तो ‘म्हातारा’ हा शब्द मूळचा ‘महत्तर’, म्हणजे ‘अधिक मोठा’ असा आहे!

हा महत्तर केवळ वयाने मोठा नव्हता. पाचव्या शतकातील गुप्तकालीन ताम्रपट उत्तर बंगालमधील दामोदरपूर येथे सापडले आहेत. त्यांत जमिनीच्या व्यवहारांची वार्ता ज्यांना द्यावयाची, त्या गावच्या प्रमुखांमध्ये महत्तरांचा उल्लेख येतो. दख्खनमधील राष्ट्रकूट राजांच्या दानपत्रांतही विषयपती, ग्रामकूट इत्यादी अधिकाऱ्यांबरोबर महत्तरांना उद्देशून राजाज्ञा दिलेली आढळते. शेताच्या सीमा कोठून कोठवर, पाण्यावर हक्क कोणाचा, कोणती जमीन कोणी कधी कसली होती, हे सारे ज्यांच्या स्मरणात होते, त्यांना वगळून दानपत्र पुरे होत नसे. नोंदवह्या विरळ असण्याच्या त्या काळात वृद्धांची स्मृती हेच गावाचे दप्तर होते. कोकणातील ‘म्हात्रे’ हे आडनावही या महत्तरपदापासूनच आले असे मानले जाते. पुढे गावाचा कारभार अन्य अधिकाऱ्यांकडे आणि कागदपत्रांकडे गेला. महत्तराचे काम सरले आणि मागे राहिले ते केवळ त्याचे वय. आज कोणा वृद्ध गृहस्थांना तोंडावर ‘म्हातारे’ म्हटले, तर ते रुष्ट होतील आणि त्यांचे रुष्ट होणे योग्यच ठरेल.

केवळ वय हे मोठेपणाचे माप धरावे काय, हा प्रश्नही आपल्याकडे फार जुना आहे. केस पिकल्याने कोणी वृद्ध होत नाही, असे मनुस्मृती सांगते. जवळजवळ त्याच शब्दांत केस पिकल्याने कोणी ‘थेर’ होत नाही, असे धम्मपद सांगते आणि नुसत्याच वय वाढलेल्या माणसाला व्यर्थ जीर्ण झालेला म्हणते. ‘थेर’ हे संस्कृत ‘स्थविर’ शब्दाचे पाली रूप. बौद्ध संघात ज्येष्ठता मोजली जाई ती जन्मापासून नव्हे, उपसंपदेपासून. उपसंपदेनंतर दहा वर्षे झालेला भिक्षू थेर होई आणि वीस वर्षे झालेला महाथेर. मळवलीजवळच्या भाजे लेण्यांत दगडी स्तूपांचा एक समूह आहे. त्यांतील काही स्तूपांवर दिवंगत थेरांची नावे कोरलेली आहेत. वयोवृद्ध, ज्ञानवृद्ध, तपोवृद्ध असे भेद आपल्या भाषेने केले, त्यामागे हाच विचार आहे.

घरातील वृद्धाचे महत्त्व व्याकरणालाही मान्य करावे लागले. गर्गाच्या नातवाला ‘गार्ग्य’ म्हणावे, असे पाणिनीच्या सूत्रांवरून ठरते. गर्गाचा पणतूही एरवी गार्ग्यच. परंतु त्याचा बाप किंवा आजा यांच्यासारखा वंशातील वडीलधारा पुरुष हयात असेतोवर त्याला ‘गार्ग्यायण’ म्हणावयाचे. या दुसऱ्या वर्गाला पाणिनीने ‘युवा’ अशी संज्ञा दिली आहे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या हयातीत पन्नाशीचा गृहस्थही व्याकरणाच्या दृष्टीने तरुणच राही! वडील माणूस जिवंत असणे ही गोष्ट धाकट्याचे नाव बदलण्याइतकी मोठी समजली जात होती.

अतिवृद्धपणाच्या पायऱ्यांनाही नावे मिळाली. साठ संवत्सरांचे चक्र पुरे होऊन जन्मसंवत्सराचे नाव पुन्हा आले, की षष्ट्यब्दिपूर्ती होते. सत्त्याहत्तराव्या वर्षी, सातव्या महिन्याच्या सातव्या रात्रीला ‘भीमरथी’ म्हणतात. ती रात्र ओलांडणे दुस्तर समजले जाई. त्यापुढे येते ते सहस्रचंद्रदर्शन. दोन पौर्णिमांमध्ये सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात. या हिशेबाने एक हजार पौर्णिमा भरण्यास ऐंशी वर्षे आणि सुमारे दहा महिने लागतात. महाराष्ट्रात एक्याऐंशीच्या सुमारास हा सोहळा करतात, तर तमिळ कुटुंबांत ऐंशीच्या सुमारास शताभिषेक होतो. परंतु लोकभाषेची गंमत अशी, की ज्या आकड्यांचा धर्माने गौरव केला, त्यांचीच तिने थट्टाही केली. हिंदीत साठीवरून ‘सठियाना’ हे क्रियापद झाले, मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण रूढ झाली आणि बंगालीत भीमरथीची ‘भीमरति’ होऊन तिचा अर्थ म्हातारचळ असा ठरला.

या साऱ्या पायऱ्यांच्या शेवटी ‘शतायुषी’ हा शब्द उभा आहे. शंभर शरद ऋतू पाहावयास मिळोत, ही वैदिक ऋषींची प्रार्थना होती. तो शब्द अनेक शतके आशीर्वादातच राहिला. १९०१ ते १९११ या दशकात भारतातील सरासरी आयुर्मान अवघे तेवीस वर्षांच्या आसपास होते. बालमृत्यूंमुळे ही सरासरी इतकी खाली आलेली होती. दीर्घायुष्याचा सर्वांत मोठा शब्द, म्हणजे ‘चिरंजीव’, मराठीने आजोबांना न देता मुलांच्या नावामागे लावला. पत्रात वडिलांना ‘तीर्थरूप’ आणि मुलाला ‘चिरंजीव’ लिहिण्याची रीत होती. ज्याच्या जगण्याची शाश्वती नाही, त्यालाच चिरंजीवित्वाची गरज अधिक, हे दुःखद ज्ञान त्या रीतीत नकळत साठलेले असावे.

विसाव्या शतकात हा आशीर्वाद काही थोर पुरुषांच्या बाबतीत अक्षरशः खरा ठरला. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ मध्ये जन्मले. १९५८ मध्ये, म्हणजे त्यांच्या शताब्दीच्या वर्षी, त्यांना ‘भारतरत्न’ हा सन्मान मिळाला आणि १९६२ मध्ये, वयाच्या एकशेपाचाव्या वर्षी, ते निवर्तले. ‘समता संघ’ ही संस्था त्यांनी १९४४ मध्ये काढली, तेव्हा त्यांनी सहस्र चंद्र केव्हाच पाहिलेले होते. वेदांचे भाष्यकार श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा जन्म १८६७ चा. १९४८ मध्ये, ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर, त्यांनी साताऱ्याकडील औंध सोडले आणि गुजरातेतील पारडी येथे आपले वेदकार्य नव्याने मांडले. १९६८ मध्ये, शंभरी पूर्ण करून, ते गेले. या दोघांना ‘म्हातारा’ म्हणणे कोणास सुचले नसते, कारण त्यांचे काम सरलेले नव्हते.

आता वृद्धांची संख्या पूर्वी कधी नव्हती इतकी वाढली आहे. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षे आणि त्यांवरील वयाच्या व्यक्ती दहा कोटींहून अधिक होत्या. त्यांच्यासाठी राज्यकारभाराने ‘ज्येष्ठ नागरिक’ हा शब्द स्वीकारला. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी आणि कल्याणासाठी २००७ मध्ये जो कायदा झाला, त्याने साठ वर्षांची सीमा घालून दिली आणि सांभाळ न करणाऱ्या मुलांविरुद्ध दाद मागण्याची सोय केली. पोटच्या मुलांकडून अन्नवस्त्र मिळावे म्हणून ‘चिरंजीवां’विरुद्ध ‘तीर्थरूपां’ना न्यायाधिकरणापुढे अर्ज करण्याची तरतूद व्हावी, ही गोष्ट कायद्याच्या दृष्टीने आवश्यक असली तरी मन विषण्ण करणारी आहे.

‘ज्येष्ठ’ हा शब्द मात्र मोलाचा आहे. पाणिनीने तो ‘वृद्ध’ आणि ‘प्रशस्य’ या दोन्ही शब्दांचे तमभाववाचक रूप म्हणून दिला आहे. म्हणजे सर्वांत वयस्क आणि सर्वांत प्रशंसनीय असे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. ‘महत्तर’ हाही असाच मोलाचा शब्द होता. परंतु महत्तराकडून गावाने काम काढून घेतले, तेव्हा तो शब्द त्याचा मान राखू शकला नाही. ज्येष्ठांना प्रवासात सवलत आणि सभेत पुढची खुर्ची देणे सोपे आहे. त्यांच्या स्मरणाला, सल्ल्याला आणि हातांना घरात व गावात काही काम उरले, तरच या नव्या शब्दाचे तेज टिकेल. तसे न झाले, तर दोन-तीन पिढ्यांनंतर ‘ज्येष्ठ’ म्हटल्यावरही कोणी आजोबा रुष्ट होतील आणि त्या वेळच्या भाषेला आणखी एखादा नवा शब्द शोधावा लागेल.