कागदावरची इंग्रजी आणि बोलण्यातली इंग्रजी : ठाणे-कल्याण पट्ट्याचा एक इतिहास

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा सुमारे ३४ किलोमीटरचा लोहमार्ग सुरू झाला, पुढच्याच वर्षी तो कल्याणपर्यंत पोहोचला आणि मुंबईच्या कचेरीत नोकरी करून ठाण्यात किंवा कल्याणात बिऱ्हाड ठेवणारा कारकून कालांतराने या गावांचा प्रातिनिधिक रहिवासी ठरला. या कारकुनाला लागणारी इंग्रजी प्रामुख्याने कागदावरची होती. अर्ज, टिपण, आवक-जावक नोंदी आणि हिशेब यांचे लेखन दिवसभर चाले, तर साहेबाशी तोंडी बोलण्याचे प्रसंग मोजकेच येत. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि त्याच्या प्रवेश परीक्षेने, म्हणजे मॅट्रिकने, नोकरीचे दार उघडले, पण त्या दारातून आत जाण्यासाठी मुख्यतः लेखणीचीच कसोटी लागत असे.

पिढ्यान्पिढ्या घरोघरी वापरली गेलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला याच गरजेला धरून रचलेली होती. व्याकरणाचा नियम, त्याखाली शब्द आणि त्यांचे अर्थ, मग भाषांतरासाठी वाक्ये, असा तिचा क्रम असे. या शिस्तीने अनेकांचे इंग्रजी लेखन निर्दोष झाले, हे तिचे ऋण मोठेच आहे. मात्र वाक्य आधी मराठीत जुळवून मग इंग्रजीत उतरवण्याची सवय संभाषणात आड येई, कारण समोरचा माणूस तेवढा वेळ थांबत नाही.

बोलण्यासाठी इंग्रजी कमावण्याचे या परिसराशी निगडित सर्वांत ठळक उदाहरण कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुनेचे, म्हणजेच डॉ. आनंदीबाई जोशी यांचे आहे. १८६५ मध्ये जन्मलेल्या या मुलीचा विवाह नवव्या वर्षी, कल्याणच्या टपाल कचेरीत काम करणाऱ्या गोपाळरावांशी झाला. त्यांनी तिला घरीच शिकवले आणि अलिबाग, कोल्हापूर अशा बदलीच्या गावांतूनही शिक्षण चालू ठेवले. १८८० पासून अमेरिकेतील कार्पेंटरबाईंशी तिचा पत्रव्यवहार सुरू झाला. या पत्रांत चालीरीती, सण, प्रकृती आणि घरसंसार यांविषयी सहज गप्पा होत्या. परीक्षेच्या इंग्रजीत ज्या विषयांना स्थान नव्हते, नेमके तेच विषय या मैत्रीने तिच्या इंग्रजीत आणले. फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपूर येथे जमलेल्या श्रोत्यांपुढे आपण अमेरिकेस का जात आहोत हे तिने इंग्रजी भाषणातून सांगितले, आणि तेव्हा तिचे वय अठराही पूर्ण नव्हते. १८८६ मध्ये तिने पेनसिल्व्हेनियात वैद्यकीय पदवी घेतली. त्या पदवीचा गौरव पुष्कळ झाला, परंतु परक्या भाषेत मनातले बोलण्याचे धैर्य तिने त्याआधीच मिळवले होते, आणि तेही तितक्याच आदराने नोंदले जावयास हवे.

सर्वसामान्य कुटुंबांत मात्र शब्द आले आणि वाक्ये मागे राहिली. फलाट, तिकीट, सिग्नल, पास, लोकल, फास्ट, स्लो, लेटमार्क हे शब्द डोंबिवलीच्या निरक्षर माणसालाही ठाऊक असत आणि त्यांना मराठी प्रत्यय लागून ते घरचेच होऊन जात. तुटवडा होता तो विचारणे, नाकारणे, हरकत घेणे, आभार मानणे अशा क्रियांच्या वाक्यांचा. मराठीत आदर ‘आपण’, ‘बसावे’, ‘काका’, ‘वहिनी’ यांतून व्यक्त होतो, तर इंग्रजीत तो पुष्कळदा विनंतीला प्रश्नाचे रूप देऊन साधावा लागतो. त्यामुळे शब्दशः भाषांतर करणारा सुसंस्कृत माणूसही इंग्रजीत नकळत हुकूम सोडल्यासारखा बोले, आणि हे जाणवले की पुढच्या वेळी गप्प बसे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने शाळेतील इंग्रजीचा आरंभ आठवीपर्यंत लांबवला, महाराष्ट्रात तो पुढे पाचवीवर आला आणि २००० पासून पहिलीवर. मधल्या काळात, १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या ठाण्यातील वागळे इस्टेटने आणि नंतर डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीने मराठी माध्यमातून आलेल्या तंत्रज्ञांना परप्रांतीय सहकाऱ्यांशी आणि ग्राहकांशी इंग्रजीत बोलण्यास भाग पाडले. सत्तरच्या दशकापासून रॅपिडेक्ससारखी स्वयंशिक्षणाची पुस्तके हाती आली आणि स्टेशनालगतच्या इमारतींतून ‘इंग्लिश स्पीकिंग’चे क्लास भरू लागले.

या क्लासांची दुपारची बॅच विशेष लक्ष देण्याजोगी आहे. तिच्यात अनेकदा गृहिणी असतात, आणि मुलांच्या इंग्रजी शाळेतील पालकसभा हे त्यांच्या येण्याचे एक मोठे कारण असते. फळ्यावर बँकेतील खिडकी, डॉक्टरांची भेट, फोनवरील निरोप असा एखादा प्रसंग लिहिला जातो, दोघी समोरासमोर उभ्या राहून तो बोलतात, आणि चूक सुधारणे वाक्य संपेपर्यंत थांबवले जाते. तर्खडकरी पाठात आधी नियम आणि मग वाक्य येई. इथे आधी प्रसंग आणि मग, लागलाच तर, नियम येतो. शिकवण्याच्या पद्धतीतला हा बदल शालेय धोरणातील कोणत्याही फेरबदलाइतकाच मोलाचा आहे, तरी त्याच्या इतिहासाचे साधन असलेल्या या स्त्रियांच्या वह्या रद्दीत जातात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. अशा संस्थांनी जुन्या पाठमालांच्या शेजारी या वह्याही जतन केल्या, तर विसाव्या शतकाच्या अखेरीस या शहरांतील माणसे प्रत्यक्षात कोणकोणती वाक्ये बोलू इच्छित होती, हे पुढील अभ्यासकांना त्यांच्याच हस्ताक्षरात वाचता येईल.