पांझरेचे पाणी आणि खानदेशचा इतिहास

पांझरा नदीने धुळे शहराचे दोन भाग केले आहेत. दक्षिण तीरावर जुने धुळे आणि त्याला लागून वसलेली पेठ. उत्तर तीरावर देवपूर. उन्हाळ्यात देवपूरहून पूल ओलांडताना खाली पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते. खानदेशचा इतिहास सांगताना आम्ही बहुधा लळिंगच्या किल्ल्याकडे बोट दाखवतो, थाळनेरच्या फारुकी राजांची नावे घेतो आणि १६०१ साली अकबराने असीरगड जिंकल्यावर त्यांचे राज्य संपले, असे म्हणून थांबतो. परंतु राजे आले आणि गेले. माणूस येथे टिकला तो पाण्याच्या आधारावर. तो इतिहास गडावर नव्हे, नदीच्या पात्रात शोधावा लागतो.

उत्तरेला सातपुडा, पश्चिमेला सह्याद्री आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशी या प्रदेशाची ठेवण आहे. पांझरा पिंपळनेरच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावते, पूर्वेकडे धुळ्यापर्यंत येते आणि मग उत्तरेला वळून तापीला मिळते. तापीकाठची काळी माती कसदार. पण पाऊस बेभरवशाचा. म्हणून पांझरा, मोसम अशा नद्यांवर गावकऱ्यांनी काही शतकांपूर्वीच दगडी बंधारे घातले आणि त्यांतून पाट काढले. हीच खानदेशची प्रसिद्ध फड पद्धत.

पाटाखालची जमीन काही मोठ्या भागांत विभागलेली असे. प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात एका हंगामी सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पुढे ते आळीपाळीने बदलावयाचे. शेतकऱ्याची जमीन बहुधा निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तरी एकाच कुटुंबावर आपत्ती कोसळत नसे. तूट सर्वांना वाटून येई. पाणी द्यावयास पाटकरी, पिकाची राखण करावयास जागल्या आणि देखरेखीस हवालदार असे. त्यांचा मोबदला धान्याच्या रूपाने मिळे. तंटा झाल्यास निवाडा पंच करीत.

ही घडी विस्कटली म्हणजे काय होते, तेही या भूमीने पाहिले आहे. १८०२ साली होळकरांच्या फौजेने खानदेश लुटला आणि पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला. लोक धुळे सोडून गेले. पुढच्याच वर्षी विंचूरकरांच्या आश्रयातील बाळाजी बळवंत यांनी गाव पुन्हा वसविले. १८१८ साली इंग्रजी अंमल आला आणि कॅप्टन ब्रिग्ज यांनी जिल्ह्याच्या ठाण्यासाठी धुळेच निवडले. १८७२ साली त्याच पांझरेला महापूर येऊन शहराची मोठी हानी झाली. १८८४ साली नोकरीत नव्यानेच रुजू झालेल्या विश्वेश्वरय्यांना पहिल्याच कामांपैकी एक म्हणून याच परिसरात, पांझरेच्या एका प्रवाहापलीकडे नळाने पाणी नेण्याचे काम मिळाले. पाणी देणारी, पाणी हिरावणारी आणि अभियंत्याला धडा घालून देणारी नदी एकच.

१९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. नकाशावरच्या सीमा बदलल्या, पाण्याचा प्रश्न मात्र तोच राहिला. काही गावांत फड अजून तग धरून आहेत; पण विहीर आणि विजेचा पंप आल्यापासून ज्याचे पाणी त्याचे, ही वृत्ती बळावली आहे. जमिनीखालचे पाणी कोणत्याही बांधाला जुमानत नाही, हे आम्ही सोयीने विसरतो.

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाच्या चाकरांनी विहिरी खणल्या, तेव्हा पहिल्या दोन विहिरींवरून गरारच्या गुराख्यांनी भांडण काढले. तिसरीवर भांडण झाले नाही, म्हणून इसहाकाने तिचे नाव रहोबोथ ठेवले. रहोबोथ म्हणजे ऐसपैस जागा. विहीर मोठी होती म्हणून नव्हे, तर तंटा मिटला म्हणून जागा ऐसपैस झाली. पांझरेकाठच्या अनाम शेतकऱ्यांनी ग्रंथ न लिहिता हेच सत्य मातीत उतरविले होते. टंचाईच्या वर्षी शेजाऱ्याबरोबर आपलाही फड कोरडा ठेवण्याची त्यांची तयारी होती. ती तयारी आमच्या कुटुंबांत, आमच्या धर्मग्रामांत आज किती उरली आहे, हे पुलावरून कोरडे पात्र पाहताना आम्ही स्वतःलाच विचारले पाहिजे.